तारेतली ओळ

मला पेन्शन सुरू झाली २००१ मध्ये आणि योग्य ती पेन्शन सुरू झाली २००४ मध्ये. मधली तीन वर्षं कशात गेली हे लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं. आमच्या खटाव तालुक्यात घरटी एक माणूस फौजेत. कुणी जखमी होऊन आलं, कुणी बोर्डआउट झालं, म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून घरी पाठवलं, की घरचे मला गाठतात आणि मी तोंडी सांगतो. तोंडी सांगितलेलं निम्मं विसरलं जातं. म्हणून हे लिहितोय.

मी तोफखान्यातला. १९९१ साली भरती झालो. कारगिलच्या वेळी खांद्यावर नाईकची फीत होती. आमची रेजिमेंट द्रासच्या बाजूला होती आणि माझं काम दारूगोळ्याच्या गाड्यांवर. त्या लढाईत तोफांनी किती गोळे फेकले ते आता सगळ्यांना माहीत आहे, पण तो एकेक गोळा कुणीतरी झोजिला खिंड ओलांडून वर नेऊन दिलेला होता. रस्ता शत्रूच्या नजरेखाली होता, म्हणून गाड्या रात्रीच चालायच्या आणि दिवे बंद. ड्रायव्हर काचेला नाक लावून चालवायचा, शेजारी बसलेल्याने कड्याच्या बाजूला लक्ष ठेवायचं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यातली रात्र. मी ड्रायव्हरच्या शेजारी होतो. गोळा डाव्या अंगाला, अगदी पुढ्यात पडला. काच आत आली एवढं आठवतं. गाडी नाल्यात गेली आणि माझा डावा पाय पत्र्याखाली सापडला. किरचा आधी घुसल्या होत्या, पत्रा नंतर. डॉक्टरांनी पुढे दोन्ही जखमा वेगवेगळ्या दाखवल्या होत्या. पण त्या रात्री मला बाहेर काढणाऱ्यांना दिसलं ते एवढंच, की गाडी उलटली आहे आणि माणूस खाली आहे.

आघाडीवरच्या मदत केंद्रावर टॉर्चच्या उजेडात कुणीतरी माझा पहिला कागद भरला. काय झालं असं विचारलं असणार आणि आणणाऱ्याने सांगितलं असणार, ‘गाडी पलटी हो गयी.’ तेच लिहिलं गेलं. ज्याने ते लिहिलं त्याला मी आजही दोष देत नाही. त्याच्यासमोर त्या रात्री रांग लागलेली होती, आणि कागदापेक्षा सलाइन महत्त्वाची होती. पण ती ओळ माझ्यासोबत हेलिकॉप्टरमध्ये चढली, श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलात गेली, जिथे गुडघ्याखाली पाय काढावा लागला, आणि तिथून पुण्याला कमांड हॉस्पिटलात आली. प्रत्येक ठिकाणी नव्या फाइलवर जुन्या फाइलचं बघून लिहिलं जात होतं.

पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, १९४४ पासूनचं. कारगिलनंतर तिथे आमच्यासारख्यांची दाटी होती. खुंट भरून येणं, सूज उतरणं, मग प्लास्टरचा साचा, मग पहिला पाय, मग दोन समांतर दांड्यांमधून चालणं. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या काळात कुणीच एकटं नव्हतं आणि तिथल्या लोकांनी आम्हाला उभं केलं. लिहायचंय ते वॉर्डातल्या संध्याकाळच्या बोलण्याबद्दल. जेवण झालं की विषय एकच. राहायचं की जायचं?

ज्यांना राहायचं त्यांना बसून करायचं काम मिळू शकत होतं. राहणाऱ्याला अपंगत्वाच्या हप्त्याऐवजी एकरकमी भरपाई घेता येत होती, पण ती घेतली की निवृत्तीनंतरचा तो मासिक भाग सोडून द्यायचा. काहीजणांनी ती घेतली, घर बांधलं. मला जायचं होतं. आण्णा थकले होते, दादा एकटा शेत बघत होता, आणि खरं सांगायचं तर माझ्या रेजिमेंटमध्ये मी तोफेशिवाय टेबलाशी बसलेला मला बघवला नसता. जवानाला साधी पेन्शन बसायला पंधरा वर्षं लागतात. माझी झाली होती दहा. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य मेडिकल बोर्ड काय लिहितं त्यावर होतं, आणि हे मला त्या वेळी जेवढं कळायला हवं होतं तेवढं कळलं नव्हतं.

२००१ च्या सुरुवातीला बोर्ड झालं. तीन डॉक्टर अधिकारी बसलेले. पाय बघितला, खुंटाची लांबी टेपने मोजली, चालायला लावलं. अपंगत्व ५० टक्के. मग फॉर्मवरचा प्रश्न, ही दुखापत सैनिकी सेवेमुळे झाली का? उत्तर, होय. बाहेर आल्यावर क्लार्क हवालदाराने मला हे सांगितलं तेव्हा मी त्याचा हात दाबला होता. ‘होय’ आलं म्हणजे झालं, असं मला वाटलं. होय म्हटल्यावरही त्याच्या खाली वर्ग असतात, आणि कुठल्या वर्गात नाव पडलं त्यावर रक्कम ठरते, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग घरी जायची कागदपत्रं. हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. किट जमा करायची, एकेक वस्तू मोजून. बायकोसोबतचा जोड फोटो, कारण पुढे तिला कुटुंब पेन्शन लागायची वेळ आली तर तोच चेहरा बघतात. लग्न आणि मुलं पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या अधिकृत नोंदीत, चढली आहेत का ते बघायचं. माझी मुलगी चढली होती, मुलगा राहिला होता. त्यासाठी गावाहून जन्माचा दाखला मागवला. बँकेचा खाते क्रमांक, सह्यांचे नमुने, अंगठ्याचे ठसे. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, उरलेल्या रजेचे पैसे, ग्रुप इन्शुरन्सची रक्कम. हे सगळं वेळेत आलं. दादाने त्यातून विहिरीचं काम केलं. शेवटच्या दिवशी डिस्चार्ज बुक हातात मिळालं आणि रेल्वेचं वॉरंट. सुभेदार साहेब स्टेशनपर्यंत आले. डब्यात बसल्यावर खिडकीतून म्हणाले, ‘कागज संभालना.’ मी मान हलवली. माझ्याकडे सांभाळण्यासारखा सगळ्यात मोठा कागद कुठला होता, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अलाहाबादच्या सैनिकी पेन्शन कचेरीतून पीपीओ आला. पेन्शन पेमेंट ऑर्डर, पण त्याला कुणी पूर्ण नावाने म्हणत नाही. बँकेत पहिली रक्कम जमा झाली तेव्हा पासबुक घेऊन मी चावडीपर्यंत चालत गेलो होतो, नव्या पायाने, काठी न घेता. रक्कम मला कमी वाटली. पण कमी म्हणायला माझ्याकडे मोजमाप नव्हतं. पगार गेला, पेन्शन कमीच असणार, असं मी घरी सांगितलं.

त्याच वर्षी मी खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये कोर्स केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, जखमी होऊन आलेल्या सैनिकांना हुन्नर शिकवायला ती संस्था सुरू झाली. तिथे माझ्या बाकावर एक जण होता. तोही द्रासचाच, त्याचाही पाय गुडघ्याखाली, तोही नाईक, नोकरीही माझ्याएवढीच. एका दुपारी त्याने सहज विचारलं, तुला किती बसली? मी सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला. त्याला माझ्या दीडपटीहून जास्त बसली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. पैशासाठी नाही आली असं म्हणत नाही, पैसा होताच. पण त्याहून जास्त मला हे लागलं, की त्याला कुणीतरी लढाईत जखमी झालेला मानलं आणि मला मानलं नाही.

पुढच्या सुट्टीत मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक, ६५ ची आणि ७१ ची दोन्ही लढायांची पदकं असलेले. त्यांनी पीपीओ टेबलावर सपाट केला, चष्मा लावला आणि बोट प्रत्येक ओळीवरून फिरवत खाली आणलं. मग एका जागी बोट थांबलं.

‘गोळा पडला म्हणता ना तुमच्यावर?’

‘हो साहेब.’

‘मग हे अपघातात कसं धरलंय?’

त्या दिवशी त्यांनी मला जे समजावलं ते मी इथे जमेल तितकं सरळ लिहितो. ३१ जानेवारी २००१ ला संरक्षण मंत्रालयाचा आदेश निघाला होता, १ जानेवारी १९९६ पासून लागू. त्यात दुखापतीच्या कारणांचे ए पासून ई पर्यंत वर्ग पाडले आहेत. ड्युटीवर असताना झालेला अपघात सी मध्ये येतो. लढाई, शत्रूचा मारा, सुरुंग हे ई मध्ये. सी असेल तर साधी अपंगत्व पेन्शन. त्यात अपंगत्वाचा जो भाग असतो तो जवानाला त्या वेळी शंभर टक्क्यांना १,५५० रुपये होता. माझे ५० टक्के, पण बोर्डआउट झालेल्याचे ५० ते ७५ मधले सगळे ७५ धरायचे असा त्याच आदेशात नियम, म्हणून मला त्याच्या पाऊणपट. ई असेल तर युद्धजखमी पेन्शन. तिथे शंभर टक्क्यांना शेवटचा पूर्ण पगार धरतात आणि टक्केवारीप्रमाणे त्याचा हिस्सा देतात. शिवाय सेवेचा भाग काढताना तुम्ही तुमच्या हुद्द्याची पूर्ण मुदत नोकरी केली असं धरतात, माझ्यासारखी दहाच वर्षं झाली असली तरी. दोन्ही मिळून शेवटच्या पगारापेक्षा जास्त द्यायचं नाही अशी तेव्हा मर्यादा होती. ती पुढच्या काळात उठली. पण मर्यादेसकटही माझी पेन्शन पगाराला जवळजवळ भिडली असती.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी बोर्ड दोन-दोन, पाच-पाच वर्षांसाठी टक्के द्यायचं आणि मग पुन्हा बोलवायचं, पाय दाखवायला. ७ फेब्रुवारी २००१ च्या आदेशाने ते थांबलं; कायमचं अपंगत्व असेल तर एकदा ठरलेलं ते ठरलं. ‘तुम्ही नशिबाने नव्या नियमात आलात,’ ते म्हणाले. ‘आमच्या बरोबरचे लोक तुटलेला हात घेऊन किती वेळा गेले असतील.’ हे सांगताना त्यांचा आवाज उतरला होता, ते मला आठवतं.

आम्ही अर्ज केला. रेकॉर्डचं, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसचं, उत्तर आलं, आणि त्या उत्तरात काही चूक नव्हती. माझ्या नावावर बॅटल कॅज्युअल्टीची, म्हणजे लढाईत जखमी झाल्याची, पार्ट टू ऑर्डर नाही, इंज्युरी रिपोर्टमध्ये वाहन उलटल्याचं कारण आहे, त्याखेरीज दुसरा पुरावा असेल तर पाठवावा. पुरावा! मी अंगावर घेऊन फिरत होतो तो पुरावा चालत नव्हता. मला पुन्हा एक्सरे काढून किरचा दाखवाव्यात असं वाटलं, पण कल्याण संघटकांनी सांगितलं की किरच कुठल्या दिवशी घुसली ते एक्सरे सांगत नाही. लागतं ते त्या दिवसाचं, त्या ठिकाणचं लिहिलेलं.

दोन-तीन महिने असेच गेले. मी चिडचिडा झालो होतो. हिच्यावर ओरडायचो, पोरांवर ओरडायचो. एकदा जेवताना मी बोलून गेलो की त्या रात्री मला कुणी नोंदवलंच नाही. आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, ‘नोंदवलं न्हाई कसं? तार आली की.’

मला तारेचं ठाऊकच नव्हतं. मी तेव्हा श्रीनगरात होतो. घरच्यांनी नंतर कधी विषय काढला नाही, कारण त्या तारेच्या दिवसाबद्दल घरात कुणाला बोलायचं नव्हतं. पोस्टमन अंगणात आला तेव्हा तार म्हटल्यावर आई मटकन खाली बसली होती, हे मला त्या रात्री दादाने सांगितलं. वाचून होईपर्यंत सगळ्यांनी मला गेलेला धरलं होतं.

आईने मांडणीवरचा स्टीलचा डबा काढला. त्यात रेशन कार्ड, आण्णांचा सातबारा, माझ्या भरतीचा पहिला फोटो, आणि चार घड्या घातलेली तार. तालुक्याच्या तार ऑफिसात हाताने उतरून घेतलेली, निळी शाई, खाली जांभळा गोल शिक्का. घडीच्या जागी कागद विरला होता. इंग्रजीत तीन ओळी. माझा नंबर, नाव, हुद्दा. मग, शत्रूच्या तोफमाऱ्यात डाव्या पायाला किरचांची जखम, प्रकृती गंभीर. आणि वर कोपऱ्यात एक क्रमांक आणि तारीख.

आईला इंग्रजी सोडा, मराठीही वाचता येत नव्हतं. पण तिने तो कागद तीन वर्षं डब्यात तळाला ठेवला होता, सातबाऱ्याच्याही खाली.

दुसऱ्या दिवशी मी तार घेऊन कल्याण संघटकांकडे गेलो. त्यांनी मजकुराकडे नुसती नजर टाकली आणि तो कोपऱ्यातला क्रमांक वहीत उतरवून घेतला. म्हणाले, तार म्हणजे पुरावा नव्हे, पण ही तार ज्या सिग्नलवरून, म्हणजे युनिटच्या संदेशावरून, निघाली तो पुरावा आहे. युनिटने तो सिग्नल पाठवला असेल तर त्यांच्या रजिस्टरमध्ये असणार. आता पत्र पाठवू नका, स्वतः जा. पत्राला उत्तर येतं, माणसाला रजिस्टर काढून दाखवतात.

माझी रेजिमेंट तोवर पंजाबात शांततेच्या ठाण्यावर आली होती. मी एकटा गेलो. रात्रभर सेकंड क्लासच्या डब्यात पाय काढून मांडीवर घेऊन बसलो, कारण खुंट सुजला होता. गेटवर पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितलं. माझ्याकडे डिस्चार्ज बुक होतं. त्याने ते उघडलं, रेजिमेंटचं नाव बघितलं, आणि काही न बोलता बसायला खुर्ची आणून दिली.

माझे सुभेदार साहेब अजून तिथेच होते. त्यांनी मला अ‍ॅडज्युटंट साहेबांसमोर, म्हणजे युनिटचं कागदोपत्री काम बघणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, उभं केलं. त्या तरुण कॅप्टनने सगळं ऐकून घेतलं, तार दोन्ही हातांनी धरून वाचली आणि हेड क्लार्कला १९९९ चं रजिस्टर आणायला सांगितलं. जाड पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं, पानांवर ओल लागून सुकल्याचे डाग. तारीख शोधायला वेळ लागला नाही.

त्या रात्रीच्या नोंदी एका पानावर होत्या. तीन. माझी तिसरी. वरच्या दोन नावांपुढे जो शब्द होता तो माझ्या नावापुढे नव्हता, एवढाच आमच्यात फरक. त्यातला एक माझ्या गाडीचा ड्रायव्हर. मी त्या रात्री काचेच्या पलीकडे कड्याकडे बघत होतो आणि तो रस्त्याकडे. तो गेल्याचं मला पुण्यात कळलं होतं, पण त्याचं नाव माझ्या नावाच्या वर, त्याच शाईत, त्याच हाताने लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. सुभेदार साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कॅप्टन साहेब खिडकीकडे वळले. कुणीच घाई केली नाही.

कारण तिन्ही नोंदींना एकच होतं. शत्रूचा तोफमारा.

त्यानंतरचं काम कागदांचं. सिग्नलची प्रमाणित प्रत. सुभेदार साहेबांचं लेखी निवेदन, कारण ते मागच्या गाडीत होते आणि गोळा पडताना त्यांनी पाहिला होता. श्रीनगरच्या ऑपरेशनची नोंद, ज्यात किरचा काढल्याचं लिहिलेलं होतं. युनिटने बॅटल कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर काढण्याची शिफारस केली. ती रेकॉर्डला गेली, तिथून इंज्युरी रिपोर्टचं कारण दुरुस्त झालं, तिथून दावा पुन्हा अलाहाबादला. प्रत्येक टप्प्यावर एक तरी कागद परत आला. एकदा माझ्या नावात वडिलांचं नाव मध्ये लिहिलं होतं आणि एकदा नव्हतं, म्हणून. एकदा साक्षांकित प्रतीवरचा शिक्का पुसट होता, म्हणून. मी प्रत्येक वेळी चार झेरॉक्स काढायचो, रजिस्टर पोस्टाची पावती मागच्या पानाला टाचायचो आणि वहीत तारीख लिहायचो. ती वही अजून आहे. जो कुणी माझ्याकडे येतो त्याला मी आधी शंभर पानी वही आणायला सांगतो.

२००४ च्या पावसाळ्यात कॉरिजेंडम पीपीओ, म्हणजे दुरुस्त केलेला पीपीओ, आला. पोस्टमन तोच, ज्याने तार आणली होती. या वेळी त्याने अंगणातूनच ओरडून सांगितलं, ‘पेन्शनचं हाय गं म्हातारे, भिऊ नको.’ मी पाकीट फोडलं. थकबाकी डिस्चार्जच्या दिवसापासून. पण आधी माझी नजर गेली ती शब्दावर. वॉर इंज्युरी पेन्शन. मी आईला मराठीत वाचून दाखवलं, युद्धजखमी. ती म्हणाली, ‘मग आता पाय दावायला परत बोलावणार न्हाईत?’ मी सांगितलं, नाही आई, आता कुणी बोलावणार नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, तार कुठाय. मूळ तार मी फाइलला लावायला दिली नव्हती, झेरॉक्सच दिली होती. तिने ती घेतली, त्याच घड्यांवर घडी घातली आणि डब्यात ठेवली.

पुढचं थोडक्यात. २००३ मध्ये माजी सैनिकांसाठी ईसीएचएस या आरोग्य योजनेचे दवाखाने सुरू झाले, त्यामुळे पायाच्या दुरुस्तीचा आणि औषधांचा ताण कमी झाला. २०१५ च्या नोव्हेंबरात वन रँक वन पेन्शनचा, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी असेल तर सारखी पेन्शन, असा आदेश निघाला, १ जुलै २०१४ पासून लागू. माझ्याही रकमेत फरक पडला. वेतन आयोग आले तसे आकडे बदलत गेले. पण प्रत्येक बदलात मला बसलेला तक्ता युद्धजखमीचा होता, आणि तो बसला कारण २००४ चा तो एक शब्द जागेवर होता. जर तेव्हा सोडून दिलं असतं तर प्रत्येक वाढ त्या चुकीच्या पायावरच बसत गेली असती. मला अजून अशी माणसं भेटतात ज्यांनी सोडून दिलं. त्यांना मी आग्रह करतो. काहींच्या युनिटमध्ये आता त्यांना ओळखणारं कुणी उरलं नाही, तरीही करतो, कारण रजिस्टर उरतं.

मागच्या वर्षी शेजारच्या गावातली एक मुलगी आली. तिचा भाऊ राजौरीत जखमी झाला, दवाखान्यात होता. घरचे पेन्शनचं विचारायला आले होते, किती बसेल, कधी बसेल. मी म्हटलं ते नंतर. आधी भावाला फोन लावा आणि पहिल्या दिवशीच्या कागदावर कारण काय लिहिलंय ते विचारा, आणि त्याचा फोटो काढून पाठवायला सांगा. तो अजून युनिटमध्ये आहे, सोबतचे सगळे तिथे आहेत, आत्ता दुरुस्त करायला एक दिवस लागेल. तिने माझ्यासमोरच फोन लावला.

आता पेन्शन बँकेकडून स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर, गेली आहे. नोव्हेंबरात जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला, द्यायचं. माझ्या बोटांचे ठसे शेतकामाने झिजलेत, मशीन घेत नाही, म्हणून मुलगा मोबाइलवर चेहऱ्याने करून देतो. या वेळी त्याने माझे सगळे जुने कागद स्कॅन करायला काढले. आई जाऊन सहा वर्षं झाली, डबा आता हिच्या मांडणीवर असतो. तार तळालाच होती. तारसेवाच २०१३ च्या जुलैत बंद झाली, त्यामुळे मुलाने अशी वस्तू पहिल्यांदाच हातात घेतली. त्याने ती काचेवर ठेवली, झाकण लावलं, स्क्रीनवर दाखवलं. अक्षरं दिसत होती, क्रमांक दिसत होता, पण खालचा जांभळा शिक्का नुसता डाग आला होता.

मी त्याला पुन्हा करायला सांगितलं, उजेडात नेऊन.